खोलीचा आवाज

मंगळवारी पाकीट येतं. आत एक मेमरी कार्ड,
वर पेन्सिलीनं: रुआरी, तेरा मिनिटं. मुलगी मोरवेन, वय पाच.
मी चहाचा मग खिडकीत ठेवते, हेडफोन चढवते.
बाहेर अ‍ॅबरडीनचा करडा दगड
समुद्रावरून आलेल्या धुक्यात आणखी करडा.

एकतीस वर्षं रेडिओवर
दुसऱ्यांचे श्वास कापण्यात गेली.
निवृत्तीनंतर तेच, आता फुकट:
तुरुंगातल्या बापांनी वाचलेल्या झोपायच्या गोष्टी
साफसूफ करून घरी पाठवायच्या.

नियमांचा एक कागद आहे.
किल्ल्या ऐकू येता कामा नयेत. दारं नकोत.
पहारेकऱ्याचं ‘चला, आटपा’ नको.
शिवी आली तर तीही नको,
पण रुआरी शिव्या देत नाही. अडखळतो फक्त.

गोष्ट एका अस्वलाची. त्यानं दीपगृहाचा दिवा चोरलाय,
गुहेत अंधार म्हणून.
(हे पुस्तक कुणी निवडलं कोण जाणे.)
वाचायला तो आत गेल्यावरच शिकला म्हणे.
दी. दीप. दीप-गु.
मग एकदम, उतारावर सुटल्यासारखा: दीपगृह!
तो शब्द गोष्टीत नऊ वेळा येतो.
आठ ठिकाणी मी अडखळणं काढलं.
पहिलं राहू दिलं.

अस्वलाला त्यानं जाड, नाकातला आवाज दिलाय,
कुरव पक्ष्याला किनरा,
म्हाताऱ्या रखवालदाराला मात्र स्वतःचा.

किल्ल्या कापल्या की मागे भोक पडतं.
निव्वळ काही नाही. पायरी समजून पाऊल टाकावं
आणि पायरी नसावी, तसं कानाला होतं.
झोपाळलेलं मूल दचकेल.
म्हणून प्रत्येकाला आधी सांगतात:
तीस सेकंद नुसते बसा. बोलू नका.
खोली कशी वाजते तेवढं घेऊ दे.

चर्चची शांतता उंच असते,
स्वयंपाकघराची जराशी कुरकुरी.
या खोलीत एक ट्यूब गुणगुणते,
भिंतीतून कुठेतरी पाणी उतरतं,
आणि एक खुर्ची, जिच्यात एक माणूस
न हलण्याची पराकाष्ठा करतोय.

ती शांतता मी बारीक कातरते
आणि भोकांवर लावते. ठिगळ दिसत नाही.

शेवटी अस्वल दिवा परत नेऊन ठेवतं.
का, ते पुस्तक सांगत नाही.
मग पुस्तकात नसलेले अकरा सेकंद.
मग ‘मोरवेन’. मग आवंढा. मग
‘पाय पांघरुणात घे.’

अकरा सेकंद! रेडिओवर एवढ्यात नोकरी जायची.
मी ते निवडले, पडद्यावर निळे झाले,
बोट बटणावर कितीतरी वेळ.
चहा गार झाला.
नंतर निळं पुसलं, सेकंद तसेच ठेवले.

मार्चमध्ये तिच्या आईची चिठ्ठी आली, कार्यालयामार्फत.
रोज रात्री लागते. अस्वलाचं आता तीच बोलते.
शेवटी तो गप्प होतो ना, तिथे मला ओठ हलवू देत नाही.
म्हणते, श्श, बाबा बघतोय मी झोपले का.
आणि एक विचारायचं होतं: मागे
मधमाशीसारखं काहीतरी चालू असतं.
मावशीकडे राहिलो, तिथे ते नव्हतं,
तर दोनपर्यंत टक्क जागी.
काय असतं ते?

‘ट्यूबलाइट’ असं लिहिलं. खोडलं.
‘खोलीचा आवाज’ लिहिलं. कुठली खोली, विचारेल. खोडलं.
मग ते तीस सेकंदच घेतले, शेपटाला तोंड जोडत गेले,
आठ तास होईपर्यंत, आणि पाठवून दिले.
सोबत चिठ्ठी नाही.

परवा पुन्हा मूळ गोष्ट ऐकली, सहज.
सातव्या मिनिटाला, कुरव खिडकीवर बसतो तिथे,
एक किल्ली राहून गेलीय. स्पष्ट. छण्ण.
माझ्या हातून.

तिच्याबद्दल चिठ्ठीत काही नव्हतं.
बहुतेक ती कुरवाचीच असावी.